‘काढा’ म्हणणाऱ्यानं खाली उभं राहायचं

त्या दिवशी हवा कोरडी, बोचरी होती. ओढ्याकाठच्या गवतावर दव गोठून पांढरं झालं होतं. तुम्ही आत्ता ज्या पुलावरून आलात ना, त्या हिवरखोऱ्याच्या पुलाची पहिली कमान त्याच सकाळी पडली, असं सांगतात.

पूल बांधत होता तुळाजी गवंडी. चुन्यात भाजक्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, कालवून तो माल करी. पूड शेजारचा कोंडाजी कुंभार देई. हा माल उन्हात लवकर धरतो आणि थंडीत झोपून राहतो, हे तुळाजीला हातानं ठाऊक होतं. रोज सकाळी तो सांध्यात नख रोवून बघे. नख रुतलं की म्हणे, "अजून नाही."

पण पाटलांना संक्रांतीला पुलावरून पालखी न्यायची होती. शेगडीपाशी बसून ते म्हणाले, "वैशाखात रस्त्याखालच्या मोरीची कमान वीस दिवसांत मोकळी केलीस. आज चोविसावा आहे!"

"पाटील, तुम्हाला दोन घोंगड्या लागतात, आणि त्या उघड्या कमानीला दिवस मोजून दाखवता?"

पाटील नुसते हसले. तुळाजी चुनाभट्टीवर गेलेला बघून त्यांनी कमानीखालची आधाराची लाकडं काढवली. काढायला खाली उतरला होता तुळाजीचा धाकटा भाऊ, रखमाजी. तो कमानीबरोबरच गेला.

आणि गावानं काय म्हणावं? गवंड्याचा माल खोटा! हुकूम कोणी दिला, हे एकानंही विचारलं नाही. पाटील वर काठावर उभे होते ना!

तुळाजीनं पुन्हा तीच कमान बांधली. तोच माल, तीच थंडी. अट एकच घातली, "काढा म्हणेल, तो खाली उभा राहील." चोविसाव्या दिवशी पाटील आले, कमानीखालच्या अंधाराकडे बघितलं, आणि आल्या पावली परत गेले.

थंडी सरली, दगड तापू लागले, तेव्हा कुठं नख रुतेना. मग तुळाजी स्वतः खाली जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काढा." लाकडं निघाली. कमान हलली नाही. सावकाश धरलेली ती कमान सबंध पुलात सगळ्यात टणक आहे म्हणे.

आता राख मिसळलेलं सिमेंट येतं, तेही थंडीत तसंच रेंगाळतं. म्हणून आजही या खोऱ्यात स्लॅबच्या फळ्या काढताना, ‘काढा’ म्हणणारा आधी खाली जाऊन उभा राहतो. साहेब असला तरी.

तुळाजी त्या दिवशी किती तरी वेळ तिथंच, रखमाजी गेला त्या जागी, उभा होता. डोक्यावर पावलं वाजली, लांब गेली. मग कोंडाजी ओढ्यात उतरला आणि त्याचा दंड धरून म्हणाला, "ये बाहेर, तुळाजी. पाटीलच गेले वरून. खाली वाकून बघितलंसुद्धा नाही."