राजाच्या घरचे बारा पुरुष

स्थापत्यशाळेच्या प्रवेशपरीक्षेत पाथरवटाची मुलगी तानी पहिली आली आणि प्रधानजींना घाम फुटला.

राजा भद्रसेनाला आपल्या विद्यापीठाचा भारी अभिमान. शंभर मुलगे, शंभर मुली! अगदी निम्मे-निम्मे! फक्त मुलगे सगळे स्थापत्य, गणित आणि वैद्यक शिकत. मुली सगळ्या पाककला.

राजाने तानीला दरबारात बोलावलं.

"पोरी, तू पाककलेत जा," तो मायेने म्हणाला. "तू इकडे आलीस तर माझा समतोल बिघडेल!"

"महाराज, मला पूल बांधायचे आहेत. भाकरी येते मला."

"मग तुझ्या बदली चुलीपुढे एक पुरुष दे! राजीखुशीने रांधणारा आणि त्याची लाज न वाटणारा. सूर्य मावळायच्या आत आण. नाहीतर स्थापत्यशाळेचं दार तुला कायमचं बंद!"

दरबार खो खो हसला. असा पुरुष या राज्यात कुठला!

तानी बाहेर पडली, पण गावाकडे गेलीच नाही. राजवाड्याच्या मागच्या अंगाला गेली आणि घटकाभरात परत आली. सोबत झुपकेदार मिशांचा एक धिप्पाड माणूस होता. डोक्यावर जरीची पगडी, हातात झारा.

"अरे, हा तर आमचा मुख्य आचारी बल्लाळ!" राजा म्हणाला.

"बल्लाळकाका, रांधायची लाज वाटते का हो तुम्हाला?" तानीने विचारलं.

"लाज?" बल्लाळने मिशीला पीळ दिला. "अगं, ही पगडी रांधण्याबद्दलच मिळाली! हाताखाली अकरा आचारी आहेत, सगळे पुरुष. बाईमाणसाला मी मुदपाकखान्यात पाऊल टाकू देत नाही!"

प्रधानजी उसळले. "हे वेगळं! ही राजसेवा आहे!"

"मग पाककला शिकलेल्या मुली कुठे रांधतात, प्रधानजी?"

"आपापल्या घरी. आणखी कुठे?"

"म्हणजे घरी रांधलं की बायकांचं काम, आणि पगडी मिळाली की पुरुषांचं!" तानी हळूच म्हणाली. "महाराज, तुम्ही एक पुरुष मागितलात. तुमच्याच घरात बारा निघाले. तेव्हा स्थापत्यशाळेत मुलींना बारा जागा द्या. उगाच समतोल बिघडायला नको!"

राजा पोट धरधरून हसला.

"रोज यांच्या हातचं जेवतो, आणि मला एकही दिसला नाही! प्रधानजी, बारा मुलींची नावं लिहा. पहिलं तानीचं!"

त्याने तानीला बांधकामाची सरळ रेष पाहायचा चांदीचा ओळंबा बक्षीस दिला. "नदीवरचा नवा पूल तूच बांधायचास!"

"ते होईल हो," बल्लाळ कुरकुरला. "आधी जेवायला चला, महाराज. भात निवतोय!"

राजाला पुन्हा हसू फुटलं.