रुळाची घंटा

"मग उद्घाटनाला येणार ना, बाबा?"

वकील दिगंबर ढोमणे पुन्हा विचारत होते. गुलाबशा फकीर फलाटावरच्या बाकावर बसून फुटाणे चावत होते.

"कशाचं उद्घाटन?"

"या स्टेशनचं! रेल्वेवाले पाडायला निघाले होते. मी कोर्टात भांडलो, उपोषणाला बसलो, रक्ताचं पाणी केलं. आता इथं संग्रहालय होणार. कापसाच्या गाठी न्यायला गोऱ्यांनी बांधलेलं स्टेशन... दुष्काळात धान्य इथंच उतरलं, सत्याग्रही इथूनच गेले. सगळा इतिहास वाचला, बाबा."

गावाने हार घालून घालून वकिलांची मान अवघडली होती. तरी जीव अडकला होता तो या फाटक्या माणसाच्या एका शाबासकीत.

"मोर्चात आपण काय ओरडत होतो रे, दिगू?"

"...गाडी आमच्या हक्काची."

"मग?"

"तडजोड करावी लागली. रूळ त्यांनी उखडून नेले, इमारत आपल्याला दिली. सगळंच जाण्यापेक्षा..."

 फकिरांनी वर बोट दाखवलं. छताला रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता. स्टेशनची घंटा. मागच्या स्टेशनवरून गाडी सुटली, की इथे ती वाजायची. अख्ख्या लाइनीतला तेवढाच रूळ गावात उरला होता.

"वाजव."

ढोमण्यांनी लोखंडी दांडा उचलून दणादण टोल दिले. आवाज अजून तसाच खणखणीत होता. त्यांना अगदी भरून आलं.

तेवढ्यात पलीकडच्या झोपडीतून चंपूबाई ठेचकाळत आली. म्हातारीने सारा जन्म याच फलाटावर पेरू विकले होते. आता डोळ्यांना धड दिसत नव्हतं, पण डोक्यावर टोपली होती. काठोकाठ भरलेली.

"स्टेशन वाचलं, स्टेशन वाचलं म्हनत होते सारे. म्या म्हटलं, आता गाडी येतेच बाप्पा!" धापा टाकत तिने विचारलं, "कुठवर आली जी, वकीलसाहेब?"

 हातातला दांडा खाली ठेवायचंही ढोमण्यांना सुचेना.

"बाबा... तुम्हीच सांगा हिला."

फकीर उठले. फुटाण्यांची टरफलं झटकून त्यांनी बाकावर म्हातारीला जागा करून दिली.

"बस, चंपूमाय. गाडी कुठवर आली, ते वकीलसाहेब सांगतात."