केतकी राणीची हिरवी भिंत

एक होती राणी. समुद्राकाठच्या राज्याची. नाव केतकी. दिसायला देखणी, मनाची वाईट नाही, पण भारी संशयी, बरं का! गवळण हसली की हिला वाटायचं, दुधात पाणी घातलंय. राजा गप्प बसला की वाटायचं, नक्की काहीतरी लपवतोय. मोगरा फुलला तरी वाकून बघायची, कोणी फुलं चिकटवली तर नाहीत ना!

एकदा काय झालं, राजानं तिच्या न्हाणीघरासाठी पार मोरोक्को देशाहून एक कारागीर बाई बोलावली. तिचं नाव झोहरा. गलबतातून आली. सोबत एका पेटाऱ्यात गवतात बांधलेल्या मातीच्या फरशा, आणि त्यांच्यावर काचेसारखी हिरवी झिलई. खलाशांकडून शिकलेलं थोडं मराठी बोलायची.

राणीनं पेटारा उघडला. एक फरशी गडद, एक फिकी. एक फुगीर, एक खोलगट.

"दोन सारख्या नाहीत! टाकाऊ माल माझ्या गळ्यात मारतेस?"

"हातानं केल्यात, राणीसाहेब. तुमची तरी दोन बोटं सारखी आहेत का?"

राणीनं बोटं पदराखाली लपवली. पण शंका काही गेली नाही.

मग झोहरानं छिन्नी-हातोडी घेतली. टक टक टक! फरशा फोडायला लागली. कुठे चांदणी, कुठे पाकळी, कुठे नखाएवढा तुकडा. राणी दाराच्या फटीतून बघतेय. म्हणाली, "धडधाकट वस्तूचा चुरा करते ही! शत्रूनंच धाडलेली असणार."

मग झोहरा ते तुकडे जमिनीवर मांडायला लागली. कसे? पालथे! हिरवी बाजू खाली, माती वर. सगळे मांडून झाले, तसा त्यांच्यावर चुन्याचा गिलावा ओतला.

"आता सुकेपर्यंत कोणी हात लावायचा नाही," झोहरा म्हणाली आणि जेवायला गेली.

झालं! राणीला कुठला धीर निघतोय? खाली तोंड करून काय बरं लपवलंय? मंत्र? चेटूक? ती गुपचूप आत शिरली आणि दोन्ही हातांनी तो ओला गिलावा उचलला. सगळी नक्षी खळ्ळकन विखुरली.

खाली काय होतं? काही नाही. नुसती जमीन.

झोहरा परत आली. ओरडली नाही. चुन्यानं भरलेले राणीचे हात तिनं पाहिले आणि भिंतीला टेकून बसली.

"एवढं परत मांडायला माझ्या गुडघ्यांत बळ नाही आता."

राणीला रडूच आलं. "मी मांडते," ती हळूच म्हणाली. "तू सांग."

मग राणी पदर खोचून बसली. एकेक तुकडा धुतला, पालथा घातला. दर वेळी मनात येई, उलटून बघू का? एकदा बघितलंच! आणि घाईत तो तुकडा हिरवी बाजू वर करूनच राहिला. वरून गिलावा पडला. मग वाट बघणं. सगळ्यांत अवघड काम ते, पोरांनो. राणी आपले हात पाठीमागे घट्ट धरून बसली.

शेवटी गिलावा सुकला, आणि तुकड्यांचा तो अख्खा तक्ता उलटून, हिरवी बाजू बाहेर करून भिंतीवर उभा राहिला. आणि काय सांगू! हिरवी भिंत हलायला लागली. लाटा आल्या. झुळूक आली. राणीनं बोट लावलं, तर ओलं. चाखलं, तर खारट! आणि मधोमध मातीची बाजू बाहेर आलेला तो तुकडा होता ना, त्याचं झालं बेट. त्याच्यावर एक खेकडा आरामात ऊन खात बसला होता.

"बेट तुमचं, राणीसाहेब," झोहरा म्हणाली. "मला नसतं जमलं."

राणीनं तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. थट्टा तर करत नाही ना? मग म्हणाली, असू दे. आणि खळखळून हसली.

झोहरा जायला निघाली, तेव्हा राणी बंदरापर्यंत गेली.

"परत येशील?"

"येईन."

राणीनं शपथ घ्यायला लावली नाही.

मग झोहरा तिच्या मुलुखात सुखात राहिली, राजा-राणी इकडे सुखात राहिले, आणि खेकड्यालाही काही कमी पडलं नाही. चला, ओढा बघू पांघरुणं. आता कोणाचा आवाज नको.