खुंट्याची होडी

फार फार वर्षांपूर्वी, नद्यांना पूल ठाऊक नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी; कारण यातली चूक मोठ्यांनीच केली.

एका रुंद नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. अलीकडचं ऐलगाव, पलीकडचं पैलगाव. दोन्ही गावांत मिळून एक पितळी घंटा होती. दर वर्षी पाऊस सरला, नदी निवळली, की दोन्ही गावांच्या होड्यांची शर्यत लागे. एका होडीत आठ वल्हेकरी, आणि मागे सुकाणू धरून तांडेल. जे गाव जिंके ते घंटा आपल्या काठावर नेऊन टांगे आणि पुढचं वर्षभर रोज पहाटे वाजवी. जिंकलेल्यांना ती वाजवायला मिळे, हरलेल्यांना ऐकावी लागे. बक्षीस म्हणाल तर एवढंच. पण माणसं याहून लहान गोष्टींसाठीही जन्मभर कुढतात.

ऐलगावची घंटा जाऊन बारा वर्षं झाली होती.

ऐलगावच्या पाटलाचे वडील त्या शेवटच्या जिंकलेल्या होडीत पुढच्या वल्ह्यावर होते. सारं गाव त्यांना आबा म्हणे. आता ते अंथरुणाला खिळले होते, पण त्यांचे कान शाबूत होते. रोज पहाटे घंटा वाजली की ते विचारत, "कुठनं वाजली रे?"

पाटील म्हणे, "पलीकडनं, आबा."

आबा मग कूस बदलत. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. तरीही ते रोज विचारत, आणि रोज पाटलाच्या काळजात तीच कळ उठे. आबांनी डोळे मिटण्याआधी एकदा तरी आपल्याला "इकडनं" म्हणता यावं, एवढीच त्याची इच्छा होती. माणूस वाईट नव्हता हो. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते, ऐकायलाही.

ऐलगावच्या होडीचा तांडेल म्हातारा होता. इतकी वर्षं हरल्यावर त्याने ओळखलं होतं, की गावात चांगले वल्हेकरी उरलेले नाहीत आणि ते आयते मिळायचेही नाहीत. ते वाढवावे लागतील. म्हणून त्याने एक जुनी होडी उथळ पाण्यात आणली आणि जाड दोराने खुंट्याला बांधली. गावातली पाच-सहा वर्षांची सहा मुलं त्याने त्या होडीत बसवली. रोज सकाळी मुलं वल्ही मारत आणि होडी तिथेच राही.

घाटावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना ही मोठीच करमणूक झाली. "कुठवर पोचलात रे?" असं जो तो विचारी, आणि मुलं हसून ओरडत, "इथवरच!"

तांडेलाला त्याचं काही वाटत नसे. तो सांगे, की होडी धावायला लागली की पोराचं लक्ष काठाकडे जातं. बांधलेली असली की ते आपल्या हाताकडे राहतं, आणि शेजारच्याच्या हाताकडे. तो त्यांना गावाची जुनी हाळी शिकवी. आधी एक लांब "होऽऽऽ", त्यावर वल्हं सावकाश आत जायचं. मग दोन तुटक "हं, हं", त्यावर खेचायचं. सहा मुलं, बारा हात, आणि आवाज एक. दहा वर्षांनी ही मुलं मोठ्या होडीत बसतील, असा त्याचा हिशोब होता. आणि त्याआधी त्यांनी आपल्या पाठची मुलं खुंट्याच्या होडीत बसवून, हातावर हात ठेवून शिकवायची. म्हणजे हा धागा पुन्हा कधी तुटणार नाही.

पाटलाचा मुलगा धाकू त्या सहांत होता. हाळी तोच द्यायचा. आवाज बारीक, पण खणखणीत. जेवतानाही आईने भाताचा घास पुढे केला की आधी "होऽऽऽ" म्हणायचा, मग तोंड उघडायचा. आबा अंथरुणातून हसत आणि त्याला साथ देत.

दोन वर्षं अशी गेली.

त्या वर्षी पैलगावात देवीची साथ आली. भरल्या दंडाचे पुरुष वाचले, पण लहान मुलं जवळजवळ सगळी गेली. घरोघरी पाळणे माळ्यावर चढले. घंटा त्यांच्याच काठावर होती, पण ती वाजवणाऱ्याचेही हात जड झाले होते. तेव्हा पैलगावचा पाटील नाव पाण्यात लोटून एकटाच अलीकडे आला आणि त्याने एक गोष्ट मांडली. आमचे सगळ्यांत चांगले दोन वल्हेकरी घ्या, म्हणाला; पुढची दोन वल्ही ते मारतील, यंदाची शर्यत तुमची. त्यांच्या बदल्यात तुमची खुंट्याच्या होडीतली सहा मुलं आम्हाला द्या. आमच्या घरांत वाढतील, आमच्या होडीत बसतील. मात्र मोठी होऊन शर्यतीत उतरेपर्यंत त्यांनी इकडे यायचं नाही आणि तुम्ही तिकडे जायचं नाही, कारण मन दोन काठांवर राहिलं तर वल्हं एका लयीत पडत नाही.

हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. तो लबाड नव्हता. त्याला मुलं हवी होती.

ऐलगावात सभा बसली. आधी सगळ्यांनी नाही म्हटलं. मग कोणीतरी म्हणालं की मुलं काही दूरदेशी चालली नाहीत, समोरच तर असतील. दुसऱ्याने म्हटलं, की दोन वर्षं वल्हवून जी होडी वीतभर हलली नाही, तिच्यातली पोरं उद्या काय दिवे लावणार आहेत? लोक हसले. एकदा हसल्यावर नाही म्हणणं अवघड होऊन बसलं.

तांडेल उठला. तो म्हणाला, "आठ वर्षं द्या मला. जास्त मागत नाही."

पाटील म्हणाला, "तांडेलकाका, आठ वर्षं माझ्याकडे असती तर दिली असती. आबांकडे नाहीत."

"आबांना विचारलंत?"

पाटलाने विचारलं नव्हतं. आबांना आनंदाचा धक्का द्यायचा, असं त्याच्या मनात होतं. आपल्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून त्याने सभेला सांगितलं, की सर्वांत आधी माझा धाकू जाईल. त्यावर सभा उठली आणि सौदा ठरला. माणूस स्वतःचं मूल पुढे करतो तेव्हा त्याचं चुकतंय असं म्हणायला जीभ रेटत नाही. तेव्हाच म्हणायला हवं होतं.

पाटलीण त्या दिवशी भांडली नाही. तिने धाकूला न्हाऊ घातलं, केसांना तेल लावलं आणि घाटापर्यंत त्याचं बोट धरून गेली. मुलांना गंमतच वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती खुंट्याला न बांधलेल्या होडीत बसली होती. होडी काठापासून सुटली तेव्हा धाकू उभा राहून ओरडला, "आई, बघ, हलली!"

घरी येऊन पाटलिणीने नदीकडची खिडकी लावून घेतली. ती पुढे कधी उघडली नाही.

आबांना सांगितलं, धाकू मामाच्या गावी गेलाय.

शर्यत झाली आणि ऐलगाव जिंकलं. त्या दोन पाहुण्यांनी अशी वल्ही मारली, की बाकीच्या सहांना नुसतं हात हलवण्यापुरतं काम उरलं. गावाने गुलाल उधळला आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी फेर धरला. घंटा आली, घाटावरच्या पिंपळाला टांगली गेली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाटलाने ती स्वतः वाजवली. चौदा वर्षांनी! दोर सोडून तो पळतच घरी आला.

आबा उठून बसायची खटपट करत होते. त्यांनी विचारलं, "कुठनं वाजली रे?"

"इकडनं, आबा."

म्हाताऱ्याच्या सुरकुतल्या गालांवरून पाणी वाहू लागलं. पाटील त्यांचे पाय धरून बसला. एवढ्याचसाठी तर त्याने सारं केलं होतं. थोड्या वेळाने आबांनी विचारलं, पुढच्या वल्ह्यावर कोण होतं? पाटलाला खोटं बोलवेना. पैलगावचे दोघं, तो म्हणाला. ते आपल्याला कशाच्या बदल्यात मिळाले? आबांनी विचारलं. पाटील त्यांचं पांघरूण सारखं करू लागला, तेव्हा आबा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, मग कोपऱ्यातल्या धाकूच्या रिकाम्या पाटाकडे बघू लागले. सकाळी खुंट्याच्या होडीतून येणारी हाळी किती दिवसांत आपण ऐकली नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"म्हणजे आजपण घंटा पलीकडच्यांनीच वाजवली," आबा म्हणाले, आणि त्यांनी कूस बदलली.

त्यानंतर त्यांनी घंटा कुठून वाजली हे कधी विचारलं नाही. थंडी पडायच्या आत ते गेले.

आणि पलीकडे सहा मुलं रोज पहाटे ऐलगावची घंटा ऐकत होती. सुरुवातीला ती घंटेबरोबर उठून घाटावर येत आणि रडत, असं नावाडी सांगत. पैलगावच्या बाया त्यांना उचलून घरी नेत, दूधभात भरवत. ज्यांची मुलं गेली होती अशा त्या बाया. त्यांनी किती माया केली असेल, सांगायला नको. वर्षभरात मुलं घंटेला उठेनाशी झाली.

दुसऱ्या वर्षीही ऐलगाव जिंकलं, पण जेमतेम. तिसऱ्या वर्षी एका पाहुण्याचा खांदा निखळला, दुसऱ्याचं वय झालेलं होतं, आणि घंटा गेली. पाटील तांडेलाकडे गेला आणि म्हणाला, की पुन्हा मुलं बसवू या. तांडेल तयार होता. पण एकही आई तयार होईना. त्यांचं म्हणणं एकच होतं: आज बसवायचं आणि उद्या देऊन टाकायचं, असल्या होडीत आमचं लेकरू बसणार नाही.

तांडेल मग एकटाच त्या होडीत जाऊन बसे. एका सकाळी तो घरी आला नाही. लोकांनी जाऊन पाहिलं तर वल्ह्यावर डोकं टेकून गेला होता. दोराला शेवाळ चढलं, होडीत पाणी भरलं, आणि ती खुंट्याजवळच तळाला बसली.

मुलं गेल्याला दहा वर्षं झाली त्या वर्षीची शर्यत. पाटील आता पांढरा झाला होता. ऐलगावच्या होडीत जमतील तसे आठ जण बसवले होते. सकाळचं धुकं अजून पाण्यावर होतं, पलीकडची होडी दिसत नव्हती. मग धुक्यातून आवाज आला. आधी एक लांब "होऽऽऽ", मग दोन तुटक "हं, हं".

हाळी देणारा आवाज बारीक राहिला नव्हता, चांगला भरला होता. पण पाटलाने ओळखला. पाटलिणीनेही ओळखला. दहा वर्षांत ती पहिल्यांदा घाटावर आली होती.

शर्यत अशी झालीच नाही. पैलगावच्या होडीतली पुढची सहा वल्ही एकाच हाताने मारल्यासारखी पडत होती. म्हाताऱ्या तांडेलाने हेच तर आठ वर्षांत देईन म्हटलं होतं. त्याने शब्द पाळला होता, फक्त होडी त्याची नव्हती.

गेल्या वर्षी कशीबशी एकदा जिंकून ऐलगावने घंटा इकडे आणली होती. ती आता द्यायची होती. रिवाज असा, की हरलेल्या गावच्या पाटलाने ती स्वतःच्या हाताने काढून, जिंकलेल्या होडीत हाळी देणाऱ्याच्या हातात द्यायची. एक उंच, सावळा तरणा जवान होडीतून उतरून पायऱ्या चढून आला. पाटलाने घंटा काढली. ती त्याला पेलवेना, तेव्हा त्या तरुणाने पटकन खालून हात लावून तिचा भार घेतला.

पाटील म्हणाला, "बाळा, ओळखलंस का मला?"

तरुणाने खाली मान घालून, अदबीने उत्तर दिलं, "ओळखलं तर. तुम्ही ऐलगावचे पाटील."

मग त्याने घंटा खांद्यावर घेतली. पाटलीण वाटेतच उभी होती. गावची एक वयस्क बाई समोर आहे म्हणून तो वाकून तिच्या पाया पडला. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि तिला रडूही आलं नाही, इतकं ते आता उशिराचं होतं. काठाशी पैलगावच्या नावेत एक म्हातारी बाई बसली होती. तिने हाक मारली, तसा तो "आलो, आई" म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे घंटा पलीकडून वाजली. पाटलाच्या घरात आता विचारणारं कोणी नव्हतं. तरीही तो अंथरुणात पडल्या पडल्या हळूच म्हणाला, "पलीकडनं." मग त्याने कूस बदलली. घंटा कोणाचा हात वाजवतो आहे, हे त्याला ठाऊक होतं. पुढे जितकी वर्षं तो जगला, तितकी वर्षं रोज पहाटे त्याने ती ऐकली.

बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, या गोष्टीचा बोध असा: आज जिंकण्यासाठी जो आपला उद्या देऊन टाकतो, त्याला तो उद्या पुन्हा भेटतो, पण समोरच्या होडीत.