मठातला फ्रिज

"तो फ्रिज ठेवायचा की मला, एवढं आज सांगून टाका."

केशवगीर दारातूनच बोलला. नमस्कारही केला नाही.

दौलतगीर महाराज ओट्यावर मेथी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय म्हणतो फ्रिज?"

"फ्रिज काय म्हणणार? रात्रभर गुरगुरतो! बारा वर्षं झाली मला या मठात. वादळात छपराचे पत्रे उडाले, तरी माझं आसन हललं नाही. आणि आता भिंतीपलीकडच्या त्या डब्यानं ध्यान मोडायचं?"

"वादळ तुला कळत होतं. हा कळत नाही... आधी समजून घे. मग खुशाल फेकून दे."

केशवगीर इरेला पेटला. त्याच रात्री घोंगडी घेऊन तो फ्रिजच्या खोलीत जाऊन बसला. सात रात्री त्यानं पाठ टेकली नाही.

आठव्या दिवशी सकाळी तो पुन्हा ओट्यापुढं उभा राहिला. डोळे तांबारलेले, मान ताठ.

"विचारा."

"मधेच टक् होतं, ते?"

"आतला गारवा कमी झाला की आपोआप बटण पडतं. मग मोटर सुरू होते."

"घरघर?"

"मोटरचीच. फरशी उंचसखल आहे म्हणून जास्त. एका पायाखाली पुठ्ठा सारला, निम्मी झाली."

"आणि पाणी खळखळल्यासारखं?"

"पाणी नाही. नळीतून गॅस फिरतो."

"पहाटे कडकन काहीतरी तडकतं..."

"थंडीनं आतलं प्लॅस्टिक आकसतं. तडकत काही नाही. आता समजायचं काही उरलं नाही, महाराज."

"आत काय आहे?"

केशवगीरनं वळून खोलीच्या दाराकडे पाहिलं.

सात रात्रींत त्यानं दार एकदाही उघडलं नव्हतं. पंधरवड्यापूर्वी गावकरी फ्रिज घेऊन आले, तेव्हा ते काय सांगताहेत हे ऐकायलाही तो थांबला नव्हता.

महाराज उठले. खोलीत जाऊन त्यांनी फ्रिजचं दार उघडलं. आत औषधाचे छोटे छोटे खोके होते. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव.

"इन्सुलिन. गावात रात्रीची वीज नसते. आपल्याकडे सौर बॅटरी आहे."

केशवगीरच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पण मान खाली गेली नाही.

"असू दे. म्हणून माझं ध्यान मोडायचा हक्क त्याला मिळत नाही."

महाराज काही बोलणार, तोच अंगणातून हाक आली. खालच्या आळीतली अनसाबाई धापा टाकत आली होती.

"बाबा, आमच्या मैनीचं औषध द्या. जुनी बाटली संपली. सुई टोचल्याबिगर पोरगी जेवायची नाही, अन् शाळेची वेळ झाली."

"मला बारीक अक्षर दिसत नाही," महाराज म्हणाले. "केशव, तू बघ."

त्याला वाकावं लागलं. ओलीनं चिठ्ठ्यांवरची शाई पसरली होती. एकेक नाव वाचत तो शेवटच्या कप्प्यापर्यंत गेला. मैना तिथं होती.

अनसाबाईनं खोका दोन्ही हातांत धरला, गालाला लावून पाहिला. तरी तिचा पाय निघेना.

"रातभर चालू होता न्हवं, बुवा? मधी बंद पडला आसंल तर..."

"चालूच होता," केशवगीर म्हणाला. "रात्रभर. मी ऐकत होतो."

ती पदर सावरत गेली.

खोलीत टक् झालं. मोटर सुरू झाली. केशवगीरनं झटकन फ्रिजचं दार लावलं आणि तो महाराजांकडे वळला. आवाज चढलेलाच होता.

"मी हरलो असं समजू नका. इथंच आसन घालतो, याच्या तोंडासमोर. रोज रात्री. बघूच आधी कोण थकतं!"

महाराज बाहेर निघाले होते. उंबऱ्यात थांबले...

"तू थकलास तरी चालेल. त्याला थकू देऊ नकोस."