रिकामी खुंटी

एका गावात एक म्हातारा तांबट होता. हात सोन्याचा, तोंड मात्र कारल्याचं.

तो शेटजींच्या कारखान्यात हंडे घडवायचा. तिथल्या कारागिरांनी आपली एक मंडळी केली होती. रीत साधी. जो मंडळीत, त्याचा हातोडा संध्याकाळी भिंतीवरच्या खुंटीला. म्हातारा आपला हातोडा काखोटीला मारून घरी न्यायचा. "मी काय मेंढरू आहे, कळपात शिरायला?" असं वर ऐकवायचा. भांडी चिंचेनं घासून लखलखीत करणारी बाई मंडळीची म्होरकी होती. तिला तो "ए चिंचे" म्हणायचा. ती हसायची.

म्हाताऱ्याची ऐरण खिडकीशी होती. डोळे अधू झालेले, सगळं काम उजेडावर. एक दिवस शेटजींनी तिथं आपला जावई बसवला आणि म्हाताऱ्याला कोपऱ्यात ढकललं.

"शेटजी, तिथं मला हंड्याचा काठ दिसत नाही."

"मग घरी बस. तू कुठं मंडळीतला? तुझ्या बाजूनं बोलणार कोण?"

म्हातारा तडक कोतवालाकडं गेला. कोतवाल म्हणाला, "चोरी झाली? डोकं फुटलं? नाही ना? मग माझं डोकं का खातोस?"

पाटलाकडं गेला. पाटील म्हणाला, "बांधाचं भांडण आण, आत्ता तोडतो. ऐरणीचं मला काय कळतं? राजानं कामावरच्या तंट्यांना वेगळा पंच नेमलाय. बुधवारी तुमच्याच कारखान्याच्या ओट्यावर बसतो."

दोन दिवस वणवण केली, आणि न्याय बसत होता रोजच्या वाटेवर.

बुधवारी म्हातारा ओट्यासमोर उभा राहिला खरा, पण तोंडातून शब्द फुटेना. जन्मभर दुसऱ्यांना झापलं, स्वतःसाठी मागायची सवयच नव्हती. तेव्हा चिंचवाली ओले हात पदराला पुसत पुढं आली. "पंच, मी सांगते."

शेटजी म्हणाले, "हा तुमच्यातला नाही. तुला काय त्याचं?"

"नसेना. डोळे काही मंडळी बघून अधू होत नाहीत, शेटजी."

पंचानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मंडळीत जायचं की नाही, ही त्याची मर्जी. तो मंडळीत नाही म्हणून कुणीही त्याची जागा हलवावी, असं चालणार नाही. जावईबापूंचे डोळे तरणे आहेत, ते बसतील कोपऱ्यात."

त्या संध्याकाळी म्हातारा हातोडा घेऊन भिंतीपाशी घुटमळला. "चिंचे... ताई, मलाही एक खुंटी ठोका. जरा खाली ठोका, हात वर जात नाही."

"ठोकायची कशाला, बाबा? ही कडेची खुंटी बारा वर्षं तुमच्यासाठीच रिकामी ठेवलीय. खालीच आहे."

म्हाताऱ्यानं खुंटीवरून बोट फिरवलं, बोटाला धूळ लागली. "पुसायला काय झालं होतं एवढी वर्षं?" तो खेकसला, आणि हातोडा अडकवला.

तात्पर्य: भांडण न्यायचं तर योग्य दारी न्यावं, आणि आपल्यासाठी खुंटी राखून ठेवणारी माणसं ओळखायला बारा वर्षं लावू नयेत.