सात दिवसांचं जेवण

मिरजेच्या रुखसानाबी मुजावरांचे चिकन समोसे दुकानांतून परत येणार, हे ऐकून त्यांच्याकडच्या नऊ कामकरी बायकांच्या तोंडचं पाणीच पळालं. कोंबडी हलाल होती, प्रमाणपत्रही होतं. पण ते हैदराबादच्या संस्थेचं. दुकानदारांच्या बैठकीत इथल्या हलाल-शिक्का देणाऱ्या संस्थेच्या इनामदारसाहेबांनी फर्मावलं, "आमच्या संस्थेचा शिक्का नाही, म्हणजे माल हलाल नाही!" पिकल्या दाढीचे सगळे नुसते माना हलवत बसले.

रुखसानाबी उठल्या. "साहेब, मलेशियाला जाऊन आलात म्हणे?"

साहेब फुलले. "सात दिवस! तिथं शिक्का खुद्द सरकार देतं. आपल्यासारख्या छप्पन्न संस्था नाहीत. काय शिस्त, काय जेवण!"

"तिथल्या जेवणावर तुमच्या संस्थेचा शिक्का होता?"

"तिथं कसा असेल?"

"मग सात दिवस रोजे धरलेत, की हराम खाल्लंत?"

बैठक हादरली. बाईनं हे तोंडावर विचारलं! साहेब टोपी सारखी करत म्हणाले, "अहो, त्यांची तपासणी चोख असते, म्हणून खाल्लं."

"मग आमचीही तपासणी बघा," प्रमाणपत्राचा कागद पुढे सरकवत रुखसानाबी म्हणाल्या, "आणि खा."

माल दुकानांतच राहिला. ज्या कागदावरून नऊ चुली विझणार होत्या, तो साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.